सुट्टीनंतरच्या सकाळी अडकणारा सर्व्हर

"अहो, सर्व्हर परत अडकलाय. लवकर या." २००८ च्या उन्हाळ्यात अकाउंट्सच्या मॅडमचा हा फोन मला इतक्या वेळा आला, की सकाळी साडेदहाच्या सुमाराला मोबाइल वाजला की मी गाडीची किल्ली हातात घेऊनच तो उचलायचो.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला हा एक ओतकाम कारखाना. कास्टिंगची ड्रॉइंग, पॅटर्नची मापं, तपासणीचे स्कॅन केलेले कागद, अकाउंट्सच्या एक्सेल फाइली असं सगळं एकाच फाइल सर्व्हरवर होतं. विंडोज सर्व्हर २००३, स्टँडर्ड एडिशन, ३२ बिटी. मेमरी २ जीबी, डिस्कवर सुमारे १८० जीबी माहिती आणि त्यावर काम करणारे साठेक संगणक. देखभाल माझ्याकडे होती. पाच वर्षांत या सर्व्हरने कधी त्रास दिला नव्हता.

अडकणं म्हणजे नेमकं काय, हे आधी सांगतो, कारण सगळा गोंधळ तिथेच झाला. निळा पडदा नाही, बीप नाही, आपोआप रीस्टार्ट नाही. सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून नुसती हाक मारली, तर लगेच उत्तर यायचं. कीबोर्डवरचा नम लॉकचा दिवा लागायचा-विझायचा, माउस हलायचा. पण कुणी सामायिक फोल्डर उघडायला गेलं की वाळूचं घड्याळ फिरत बसायचं. ज्याचं ड्रॉइंग आधीच उघडं होतं, त्याने सेव्ह केलं की साधनसामग्री अपुरी असल्यामुळे मागितलेलं काम होऊ शकत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश यायचा. रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडायची आणि पासवर्ड दिल्यावर तशीच गोठायची. खुद्द सर्व्हरसमोर बसून टास्क मॅनेजर उघडता आला, तर त्यात प्रोसेसर पाच टक्के आणि निम्म्याहून जास्त मेमरी मोकळी. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं. दहा मिनिटांत सर्व्हर पुन्हा उभा, आणि मग आठवडाभर काही नाही.

डिझाइन विभागातल्या एका मुलाचं दोन तासांचं सुधारित ड्रॉइंग अशा एका सकाळी गेलं. छापील कागदावर पेन्सिलने लिहिलेल्या मापांवरून त्याने ते पुन्हा काढलं. तक्रारीचा एक शब्द त्याने उच्चारला नाही. मला मात्र ते फार लागलं.

पहिला संशय विजेवर गेला, आणि त्याला कारणही होतं. त्या वर्षी भारनियमनाने सगळा महाराष्ट्र गांजला होता. वसाहतीत आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी वीज नसायची, म्हणून सुट्टीच्या पहाटे सर्व्हर बंद व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला येणारा माणूस तो चालू करायचा. मार्चमध्ये कारखान्याने मोठा जनरेटर घेतला, ऑफिसची लाइन त्यावर टाकली, आणि सर्व्हर आठवड्याचे सातही दिवस चालू राहू लागला. अडकणं सुरू झालं एप्रिलमध्ये. वायरमन काकांचं म्हणणं होतं की जनरेटरचं व्होल्टेज वरखाली होतंय. यूपीएसवाल्याचं म्हणणं होतं की अर्थिंग नीट नाही. दोघांनी मिळून अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरला. दुसऱ्या आठवड्यात सर्व्हर अडकलाच.

विजेच्या संशयाला मीच नकळत पुरावा पुरवत होतो. रीस्टार्टनंतर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घटनांची नोंदवही, उघडला की सगळ्यात वर ६००८ क्रमांकाची नोंद दिसायची: मागच्या वेळी सर्व्हर अनपेक्षितपणे बंद झाला. मी ती मालकांना दाखवली. प्रत्यक्षात ती नोंद आमच्याच बोटाची होती. बटण दाबून धरलं की पुढच्या वेळी ६००८ येणारच. त्या नोंदीच्या खाली जाऊन, सर्व्हर अडकण्याआधीच्या अर्ध्या तासात काय लिहिलंय हे वाचायचं माझं तीन आठवडे राहून गेलं.

दुसरा उपाय मेमरीचा. सर्व्हर जड झाला की मेमरी वाढवा, हा आमच्या धंद्यातला सर्वात जुना सल्ला. २ जीबीची ४ जीबी केली. त्यानंतरच्या सुट्टीनंतर सर्व्हर अडकला तो साडेदहाऐवजी दहालाच.

वहीतली खूण

दिशा मिळाली ती अकाउंट्सच्या मॅडममुळे. सर्व्हर कधी बंद पडला, कधी चालू झाला, किती माणसांचं काम थांबलं, हे त्या एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवत होत्या. मालकांना हिशेब द्यायचा म्हणून. मी ती वही मागून घेतली आणि तारखांवरून बोट फिरवलं. एक अपवाद सोडला तर प्रत्येक नोंद साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवसाची. आणि जूनमधल्या एका आठवड्यात नोंदच नाही. तो आठवडा मला चांगला आठवत होता, कारण त्या सुट्टीच्या आदल्या रात्री टेप ड्राइव्हमध्ये टेप अडकून पूर्ण बॅकअप सुरूच झाला नव्हता.

म्हणजे बॅकअप झाला की पुढच्या कामाच्या दिवशी सर्व्हर अडकतो, बॅकअप झाला नाही की अडकत नाही. पण बॅकअप तर गेली चार वर्षं दर आठवड्याला होत होता, मग आत्ताच काय झालं? उत्तर जनरेटरमध्येच होतं, फक्त व्होल्टेजमध्ये नव्हतं. पूर्वी बॅकअप पहाटे संपला की वीज जायच्या आत सर्व्हर बंद केला जायचा. आता बॅकअपनंतर तो बंद होतच नव्हता. रात्रीत जे काही साठत होतं ते पूर्वी बंद करण्याने पुसलं जायचं, आता ते तसंच सकाळपर्यंत राहत होतं.

मग मी इव्हेंट व्ह्यूअर नीट वाचला. ६००८ च्या खाली, प्रत्येक वेळी, अडकण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी, एसआरव्ही या स्रोताकडून आलेली नोंद: क्रमांक २०२०. तिचा अर्थ असा, की सिस्टिमच्या पेज्ड पूलमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका राखीव साठ्यात, जागाच न उरल्यामुळे सर्व्हरला त्यातून जागा घेता आली नाही.

मोकळी मेमरी आणि भरलेला पूल

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण निम्मी मेमरी मोकळी असताना मेमरी संपली म्हणून सर्व्हर कसा अडकतो, हे मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं.

३२ बिटी विंडोजमध्ये पत्त्यांची जागा एकूण ४ जीबी. त्यातली २ जीबी प्रत्येक प्रोग्रामला आणि २ जीबी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला. मशीनमध्ये मेमरीच्या किती पट्ट्या बसवल्या आहेत याच्याशी या वाटणीचा संबंध नाही. कर्नलच्या २ जीबीत फाइल कॅशचे (वाचलेल्या फाइली मेमरीत धरून ठेवण्याच्या जागेचे) पत्ते, ड्रायव्हर, पानांची (मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्यांची) कोष्टकं आणि दोन पूल मावावे लागतात. नॉनपेज्ड पूल म्हणजे जे डिस्कवर हलवता येत नाही ते. पेज्ड पूल म्हणजे गरज पडली तर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवता येईल ते. डिस्कवर हलवता आलं तरी पत्त्यांची जागा मात्र अडलेलीच राहते. पूलची कमाल मर्यादा सर्व्हर सुरू होतानाच ठरते. ती गाठली की मेमरीच्या पट्ट्या रिकाम्या पडून असल्या तरी कर्नलच्या हाती काही लागत नाही.

फाइल सर्व्हरला याचा फटका सर्वात आधी बसतो. विंडोजमध्ये फाइली वाटण्याचं काम एसआरव्ही हा ड्रायव्हर करतो आणि तो कर्नलमध्येच चालतो. नवीन फाइल उघडायची तर त्याला पूलमधून जागा हवी. ती मिळाली नाही की विनंती नाकारली जाते. पिंगचं उत्तर मात्र येत राहतं, कारण त्याला या पूलची गरज लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये हे सगळं दिसतं, पण कुठे? परफॉर्मन्सच्या पानावर उजव्या कोपऱ्यात, 'कर्नल मेमरी' नावाच्या लहानशा चौकटीत. मी इतकी वर्षं त्या चौकटीकडे पाहिलंच नव्हतं.

पुढच्या सुट्टीनंतर सकाळी साडेसातला मी सर्व्हरसमोर बसलो. हातात पूलमॉन, विंडोजच्या सीडीवरच्या सपोर्ट टूल्समधलं एक छोटं काळ्या पडद्याचं साधन. पूलमधून जागा घेणारा प्रत्येक घटक आपल्या तुकड्यावर चार अक्षरांची चिठ्ठी लावतो. विंडोज २००० मध्ये ही चिठ्ठ्यांची सोय वेगळी चालू करावी लागायची, २००३ मध्ये ती आधीपासूनच चालू असते. पूलमॉन त्या चिठ्ठ्यांची बेरीज दाखवतो: किती वेळा जागा घेतली, किती वेळा सोडली, फरक किती, एकूण बाइट किती. 'पी' दाबून फक्त पेज्ड पूल घेतला, 'बी' दाबून बाइटनुसार क्रम लावला.

सगळ्यात वर 'एमएमएसटी'. जवळजवळ ९० एमबी. त्याच्या बऱ्याच खाली एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची व्यवस्था पाहणाऱ्या भागाची, 'एनटीएफएफ', आणि मग बाकीची किरकोळ. कामगार आलेले नसताना पेज्ड पूल १२५ एमबीच्या आसपास होता. पावणेदहाला ऑफिस भरलं. साठ संगणकांनी एकदम लॉगिन केलं, डिझाइनच्या प्रत्येक मुलाने पंधरा-वीस ड्रॉइंग उघडली. आकडा १३५ झाला, १४८ झाला. दहा वाजून सोळा मिनिटांनी १६० च्या जवळ पोचला आणि २०२० ची नोंद आली. मी तयार होतो. ती पाहताच सगळ्यांना फाइली सेव्ह न करता तशाच ठेवायला सांगितलं आणि सर्व्हर व्यवस्थित बंद करून चालू केला. तोवर तिघांच्या फाइली अडकल्याच होत्या.

एमएमएसटी म्हणजे काय

डीबगिंग साधनांसोबत येणाऱ्या पूलटॅग नावाच्या यादीत या चिठ्ठीचा अर्थ मिळतो. मेमरी मॅनेजर एखादी फाइल कॅशमध्ये घेतो, तेव्हा तिच्या प्रत्येक ४ केबी पानासाठी एक नोंद तयार करतो. या नोंदींचं कोष्टक म्हणजे एमएमएसटी. आमच्या सर्व्हरसारख्या मशीनवर एक नोंद ८ बाइटची. १ जीबीची फाइल पूर्ण वाचली तर २,६२,१४४ पानं, म्हणजे कोष्टकाला २ एमबी. ऐकायला नगण्य वाटतं. पण आमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर फाइली नेहमीच्या मार्गाने, कॅशमधून वाचत होतं, आणि एका रात्रीत सगळे १८० जीबी वाचत होतं. सगळी कोष्टकं राहिली असती तर ३६० एमबी. पूलमध्ये तेवढी जागाच नव्हती.

बॅकअप संपल्यावर या फाइली कुणी वापरत नाही. तरी मेमरी मॅनेजर कोष्टकं लगेच टाकून देत नाही. फाइल पुन्हा लागली तर काम वाचावं म्हणून तो ती राखून ठेवतो, आणि पूल ८० टक्के भरला की मग छाटणी सुरू करतो. रात्री बॅकअप एकटाच वाचत असतो, त्यामुळे छाटणी आणि वाढ यांचा मेळ बसतो. सकाळी साठ माणसं दहा मिनिटांत एकदम येतात, तेव्हा उरलेली २० टक्के जागा छाटणीला वेळ मिळण्याआधीच भरते. मेमरी वाढवल्यावर सर्व्हर लवकर का अडकला, याचाही उलगडा इथेच झाला. फाइलची पानं मेमरीत जितकी जास्त वेळ टिकतात, तितकी तिची कोष्टकंही टिकतात. २ जीबी असताना जुनी पानं हुसकावली जायची आणि त्यांच्याबरोबर काही कोष्टकंही जायची. ४ जीबीत ती निवांत बसून राहिली.

मला आलेला सर्वात आग्रही सल्ला होता, की हे ड्रायव्हरची गळती आहे, अँटीव्हायरस काढून टाक. त्यात तथ्य असू शकलं असतं. अशा तक्रारींत अनेकदा एखादा ड्रायव्हर जागा घेतो आणि सोडतच नाही. तेव्हा पूलमॉनमधला 'फरक' हा स्तंभ दिवसरात्र फक्त चढत जातो. ती अनोळखी चार अक्षरं ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये फाइंडस्ट्रने शोधली की चोर सापडतो. इथे तसं नव्हतं. एमएमएसटी बॅकअपबरोबर चढायची, छाटणी झाली की उतरायची. ही गळती नव्हती, उशिरा होणारी आवराआवर होती. अँटीव्हायरसही रात्री सगळ्या फाइली तपासायचा आणि त्यानेही कोष्टकं वाढायची, पण जो कोणी सगळ्या फाइली वाचेल त्याच्या हातून हेच होणार होतं. पेनड्राइव्हमधून रोज विषाणू येण्याच्या त्या काळात फाइल सर्व्हरवरचा अँटीव्हायरस काढायला मी नकार दिला, आणि तो नकार मला आजही बरोबर वाटतो.

माझ्या मते दोष ऑपरेटिंग सिस्टिमच्या ठरावीक मर्यादेचाच. जी वस्तू टाकून देता येते हे तिला ठाऊक आहे, ती टाकायला ती इतकी थांबते की कामाच्या माणसांना जागा उरत नाही. मायक्रोसॉफ्टनेही ही तक्रार मान्य करून तिच्यावरचा इलाज आपल्या मदत-लेखात दिलेला होता.

पण १६० च का?

एक गोष्ट मात्र खटकत होती. ३२ बिटी सर्व्हर २००३ चा पेज्ड पूल साधारणपणे साडेतीनशे एमबीच्या घरात असतो. आमचा १६० लाच का संपत होता? प्रोसेस एक्सप्लोररमध्ये सिम्बॉल जोडल्यावर पूलची खरी मर्यादा दिसली, आणि ती तेवढीच होती. कर्नलची जागा कुणीतरी कापली होती.

बूट डॉट आयएनआय, म्हणजे विंडोज सुरू होताना वाचली जाणारी फाइल, उघडली. ओळीच्या शेवटी '/३जीबी'. २००५ च्या आसपास याच मशीनवर कारखान्याचा डेटाबेस चालायचा, आणि तो बसवणाऱ्याने डेटाबेसला जास्त जागा मिळावी म्हणून ही खूण घातली होती. तिने वाटणी बदलते: प्रोग्रामला ३ जीबी, कर्नलला फक्त १. डेटाबेससाठी ते योग्यच होतं. पुढे डेटाबेस वेगळ्या मशीनवर गेला, खूण तशीच राहिली. फाइल सर्व्हरचं सगळं काम कर्नलमध्ये, म्हणजे आम्ही ज्याला जागा हवी त्याचीच निम्मी जागा काढून घेतली होती आणि ती अशा प्रोग्रामसाठी राखून ठेवली होती जो तिथे उरलाच नव्हता.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तीन बदल केले. आधी बूट डॉट आयएनआयची प्रत काढून '/३जीबी' काढलं. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) सेशन मॅनेजरखालच्या मेमरी मॅनेजमेंटच्या किल्लीत पूलयूसेजमॅक्सिमम या नावाने दशमान ६० ही किंमत घातली, म्हणजे छाटणी ८० ऐवजी ६० टक्क्यांना सुरू होणार. त्याच ठिकाणी पेज्डपूलसाइझला आठ एफची किंमत दिली, म्हणजे सिस्टिमने इतरांची जागा थोडी कमी करून पेज्ड पूलला शक्य तेवढी जास्त द्यावी. या तिसऱ्या बदलाला मी घाबरून होतो. पूलला दिलेली जागा सिस्टिमच्या पान-नोंदींच्या वाट्यातून जाते. परफॉर्मन्स मॉनिटरमधल्या मोकळ्या नोंदींचा आकडा दहा हजारांच्या खाली गेला तर सर्व्हर दुसऱ्याच कारणाने अडकतो. '/३जीबी' असताना हा बदल केला असता तर तेच झालं असतं. म्हणून क्रम महत्त्वाचा होता. रीस्टार्टनंतर तो आकडा पाहिला, दहा हजारांच्या बराच वर होता, तेव्हा श्वास सोडला.

त्या रात्री मुद्दाम पूर्ण बॅकअप पुन्हा चालवला. पूलमॉनची नोंद दर पंधरा मिनिटांनी फाइलमध्ये लिहायला लावली होती. सकाळी ती वाचली: एमएमएसटी चढली, एका पातळीला येऊन खाली पडली, पुन्हा चढली, पुन्हा पडली. करवतीच्या दातांसारखी. सकाळी दहाच्या गर्दीत पेज्ड पूल पहिल्यांदाच २०० एमबीच्या वर गेला, आणि काहीच झालं नाही. मी अकरापर्यंत तिथेच थांबलो. साडेअकराला मॅडमनी चहा पाठवला आणि विचारलं, "आज वहीत काही लिहायचं नाही ना?"

ऑगस्टच्या अखेरीपर्यंत एकही नोंद पडली नाही. एकदा २०२० दिसली, सप्टेंबरमध्ये, तीही एका ठेकेदाराने दुपारच्या वेळी सगळं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतलं तेव्हा. सर्व्हर अडकला नाही, पण मी पूलयूसेजमॅक्सिमम ६० वरून ५० केलं आणि मोठी नकल फक्त रात्रीच करायची असं ठरवून दिलं.

२०१० मध्ये नवा सर्व्हर आला, विंडोज सर्व्हर २००८ आर२. ती आवृत्ती ६४ बिटीच येते आणि तिथे पेज्ड पूलची मर्यादा १२८ जीबी. फाइली हलवून झाल्यावर पहिल्या पूर्ण बॅकअपच्या सकाळी मी पूलमॉन पुन्हा उघडला. एमएमएसटी तिथेही सगळ्यात वर होती, जुन्या सर्व्हरला केव्हाच आडवं केलं असतं इतकी फुगलेली. डिझाइनमधली मुलं आपापली ड्रॉइंग उघडून कामाला लागली होती. मी पूलमॉन बंद केला आणि जुन्या मशीनची वायर काढली.